ओढ्यातले झिंगे आणि ताईंचे नवे डोळे

माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी काचेची एक टाकी आहे. मुलीने हट्ट केला म्हणून आणली होती. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. सुरुवातीला मी कर्तव्य म्हणून खाणं टाकायचे, पाणी बदलायचे. पण दिवसभर ब्लाउज शिवून मान अवघडली की नजर आपोआप तिकडे जायची, आणि हळूहळू मला टाकीचा नादच लागला. मासे होते ते एका शेजारणीला देऊन टाकले. माझा जीव जडला तो झिंग्यांवर. नखाएवढे, लालभडक, परदेशी जातीचे झिंगे मी एका दुकानातून मागवले होते. पुढच्या बारीक पायांनी ते सारखं काहीतरी उचलून तोंडात घालत असतात. शेवटच्या पंगतीला बसलेला माणूस जेवतो ना, तसं भराभर. ते बघत बसलं की माझा चहा गार होतो.

पण नगरचा उन्हाळा त्यांना सोसायचा नाही. शिवाय आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी असं जड, की नळाच्या तोंडावर पांढरे थर चढतात. चैत्र सुरू झाला की झिंगे एकेक करून आडवे व्हायचे. मी बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवायचे. यजमान म्हणायचे, झिंग्यांना फ्रीजचं पाणी आणि आम्हाला माठातलं, हा कुठला न्याय. पावसाळ्यात मी पुन्हा नवे झिंगे आणायचे. असं दोन-तीन वर्षं चाललं होतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी माझ्या मोठ्या नणंदबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताई श्रीरामपूरला असतात. तिथे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. आमच्या लग्नापासून मी त्यांना जरा बिचकूनच असायचे. त्या रागवायच्या नाहीत, पण बोलायच्या मोजकं, आणि समोरच्याचं बोलणं असं लक्ष देऊन ऐकायच्या की आपण काही चुकीचं तर बोलत नाही ना, असं वाटायचं. सणावाराला यायच्या, साडीचा काठ नीट बसला नसेल तर तेवढं सांगायच्या, आणि जायच्या. इतक्या वर्षांत आमच्या दोघींच्या गप्पा म्हणाव्यात अशा कधी झाल्या नव्हत्या.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग काही दिवसांनी दुसऱ्याचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. काळा चष्मा लावून ताई माझ्या मशीनजवळच्या खुर्चीत बसायच्या, कारण घरात ऊन कमी येणारी तीच एक जागा. वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. मग त्या टाकीकडे बघत बसायला लागल्या. एक दिवस डॉक्टरांनी घरात चष्मा काढायला परवानगी दिली. सकाळची वेळ होती. मी काजं करत होते. ताई टाकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मी विसरूनच गेले होते गं."

मी मशीन थांबवलं. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट, धुरकट दिसत असतं, आणि ते इतकं सावकाश होत जातं की आपल्याला कळतही नाही, असं त्यांनी मला समजावलं. मग टाकीत दगडावर बांधलेल्या हिरव्या झुबक्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठलं. मी म्हटलं, याला जावा मॉस म्हणतात, ऑनलाइन मागवलंय. त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. म्हणाल्या, म्हणजे झिंगेही बाहेरचे आणि मॉसही बाहेरचं. आपल्याकडचे ओढे काय सगळे आटलेत का?

त्या दिवशी ताई जेवणापर्यंत बोलत होत्या. आपण मराठीत जे जे हिरवं आणि निसरडं दिसेल त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण हौदात तरंगतं ते शेवाळ वेगळं आणि भिंतीवर मखमलीसारखं उगवतं ते मॉस वेगळं. मॉसला इवलीशी पानं असतात, देठ असतात, आणि देठाच्या टोकाला बीजाणूंची टोपीवाली कुपी असते. हे सगळं त्यांनी पोरांना वर्षानुवर्षं तक्त्यावर शिकवलं होतं. दाखवायला बाटलीत औषधात बुडवलेले नमुने असायचे, रंग उडून खाकी झालेले. सहली निघायच्या, पण त्या न्यायचे दुसरे प्राध्यापक. ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दोन लहान मुलं. त्यामुळे ओढ्यात उतरून दगडावरचं मॉस स्वतःच्या हाताने धरून पाहायचं कायम राहूनच गेलं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ राहिलंय म्हणावं, तेवढ्याच सहज त्या बोलत होत्या.

मला एकदम माझी मावसबहीण आठवली. ती राजूरजवळच्या एका वाडीत दिलेली आहे. तिच्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. तिच्या बाळाच्या बारशाला मी गेले होते तेव्हा तिथल्या बायका साडीचा पदर पाण्यात धरून बारके झिंगे पकडत होत्या. मी ताईंना म्हटलं, दिवाळीनंतर जायचं का? एवढं बोलून गेले आणि मलाच धसका बसला. ताई म्हणाल्या, डॉक्टरांना विचार.

डॉक्टर हसले. जा म्हणाले, पण डोळ्यांत घाण पाणी जाता कामा नये आणि खाली डोकं घालून वाकायचं नाही. ताईंनी हे दोन नियम घरी येईपर्यंत तीन-चारदा मला म्हणून दाखवले. जणू मीच वाकणार होते.

माझी तयारी सुरू झाली. घागऱ्याच्या अस्तराला लावतात ती मऊ जाळी उरली होती. तिची पिशवी शिवली, तोंडाशी तार घातली आणि जुन्या मच्छरदाणीच्या काठीला बांधली. झाली झिंगे धरायची जाळी. दुधाची किटली घेतली, पांढरा पसरट डबा घेतला, बॅटरीवर चालणारा हवेचा बारका पंप घेतला. ताईंनी श्रीरामपूरहून आपलं भिंग मागवून घेतलं. पितळी, घडीचं, दोरी ओवलेलं. ते गळ्यात घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि मी बघतेय हे लक्षात येताच ओशाळून पदर सारखा करू लागल्या. यजमान म्हणाले, दोघी मिळून झिंगे आणायला चाललाय की झिंग्यांचं लग्न लावायला?

संगमनेर, अकोले करत आम्ही राजूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अकोल्याच्या पुढे उसाची शेतं मागे पडली आणि डोंगर जवळ आले तशी ताईंनी खिडकी सोडली नाही. कापलेल्या भाताच्या खाचरांत पिवळे बुडखे होते, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. स्टँडवर मावसबहीण बाजाराची पिशवी घेऊन उभी होती. आम्ही कशासाठी आलोय हे मी फोनवर सांगितलं होतं, पण तिला ते खरं वाटलं नव्हतं.

"आक्का, खरंच झिंग्यांसाठी आलीस व्हय? मला वाटलं, बाईंना हवापालट करायला आणलं," ती जीपमध्ये बसल्यावर म्हणाली. मग ताईंकडे बघून तोंडाला पदर लावून हसली. ताईही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून आम्ही तिघी निघालो. बहिणीने भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून घेतली होती. बांधाबांधाने चढत गेलो. ताईंच्या एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. ओढा दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. पावसाचा गढूळपणा केव्हाच ओसरला होता आणि पाणी असं नितळ होतं की तळाचे खडे हाताला लागतील असं वाटावं. प्रत्यक्षात ते गुडघ्याएवढं खोल होतं. काठाला करवंदीच्या जाळ्या, जांभळी, आणि वळणावर एक मोठा उंबर, त्याची मुळं थेट पाण्यात उतरलेली.

ओढ्याच्या सावलीतल्या बाजूला काळ्या कातळाची उभी भिंत होती. तिच्यावरून पाणी झिरपत होतं आणि ती भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी होती. ताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. भिंत डोळ्यांच्या उंचीला होती, म्हणून वाकायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी गळ्यातलं भिंग उघडलं आणि नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ गेल्या.

मी आणि बहीण वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी मागे न बघताच हाताने मला बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी डोळा लावला. आधी सगळं धूसर, मग एकदम स्वच्छ झालं आणि माझ्यासमोर जंगलच उभं राहिलं. एका ठिकाणी पाखराच्या पिसासारखी दोन्ही बाजूंना सपाट पानं, शेजारी ताऱ्यासारखे झुबके, आणि त्यांतून वर आलेले केसासारखे तांबूस देठ. प्रत्येक देठाच्या टोकाला एक कुपी, आणि तिच्यावर टोपडं. एका टोपड्याच्या टोकाला पाण्याचा थेंब अडकला होता आणि त्या थेंबात उलटं आभाळ होतं.

"पिसासारखं दिसतंय ना, ते फिसिडेन्स," ताई म्हणाल्या. "परीक्षेला यायचं."

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. कोरड्या कडेला एका जातीचे देठ वाळून पीळ खाल्लेले होते. ताईंनी त्यांच्यावर हलकेच तोंडाची वाफ सोडली. भिंगातून बघितलं तर देठ पीळ सोडत वळायला लागले होते, सावकाश, झोपेतून उठणाऱ्या माणसाने अंग मोडावं तसे. ताईंनी हे वर्गात सांगितलं होतं, फळ्यावर काढलं होतं, पण होताना आज पाहिलं. त्या एकेका देठावर फुंकर घालत पुढे सरकू लागल्या. बहिणीने माझ्या कानात विचारलं, बाई भिंतीला काय सांगतायत?

ताईंना तिथे सोडून मी झिंग्यांच्या मागे लागले. सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की पहिल्यांदा श्वासच अडकला. दगड उचलायचे, खाली जाळी धरायची, वर घेऊन पांढऱ्या डब्यात रिकामी करायची. डब्यात पडायचं काय? कुजकी पानं, चतुरांची रांगडी पिल्लं, कुठे एखादा नखाएवढा खेकडा. झिंगा एकही नाही. मी वर गेले, खाली गेले, डोह धुंडाळले. ऊन डोक्यावर आलं.

"पावसात लई असत्यात," बहीण काठावरून म्हणाली. "आता खाली नदीला गेले असतील. उगा कशाला भिजतीस, आक्का?"

मी मुकाट्याने बाहेर आले. ताईंना एवढ्या लांब आणलं, त्यांचं काम झालं, पण माझी किटली रिकामीच जाणार असं वाटून मन खट्टू झालं. शिवून आणलेली जाळी मी उगाच दगडावर वाळत घातली. आम्ही उंबराखाली जेवायला बसलो. फडकं सोडलं तर भाकरीबरोबर सुकटीची चटणी. बहीण म्हणाली, घे, झिंगे पाहिजे होते ना तुला? मलाही हसू आलं.

जेवण झाल्यावर ताई उंबराच्या मुळाशी एका सपाट दगडावर बसल्या. चालून पाय दुखत होते म्हणून चपला काढून त्यांनी पाय पाण्यात सोडले. आम्ही दोघी भांडी आवरत होतो. थोड्या वेळाने ताईंची हाक आली, पण अशी दबकी की त्यांना काही होतंय की काय म्हणून मी दचकले.

"इकडे ये. हळू ये. सावली पाडू नको."

मी गुडघ्यांवर रांगत गेले. ताईंचे पाय पाण्यात अगदी निश्चल होते. त्यांच्या टाचांना भेगा आहेत, पूर्वीपासूनच्या. आधी मला काहीच दिसलं नाही. मग टाचेजवळचं पाणी हलल्यासारखं वाटलं. मग दोन काळे ठिपके दिसले, ते डोळे होते, आणि डोळ्यांमागे हळूहळू सगळा झिंगा दिसायला लागला. काचेसारखा आरपार, पाठीवर फिकट रेघ, आत हलणारं पोटसुद्धा दिसत होतं. तो ताईंच्या टाचेची वाळकी कातडी उचलून भराभर तोंडात घालत होता. त्याच्यामागे दुसरा. मग मुळांच्या झिपऱ्यांमधून तिसरा, चौथा, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं. मी सकाळपासून धावाधाव करून पाणी ढवळत होते आणि हे सगळे उंबराच्या मुळांत अंग चोरून बसले होते. ताई स्थिर बसल्या तेव्हा बाहेर आले.

"गुदगुल्या होतायत गं," ताई ओठ न हलवता म्हणाल्या. त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते, पण पाय त्यांनी जराही हलू दिले नाहीत.

बहिणीलाही आम्ही बोलावलं. तिने भिंग धरलं. एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस होता, आणि ती पायांनी त्यांना वारा घालावा तशी सारखी हलवत होती. बहीण बराच वेळ बघत राहिली.

"पोरं पोटाशी धरून फिरतीय ही," ती म्हणाली. "आमी तर मूठमूठ तव्यावर टाकल्यात. तोंड कसं असतं, कधी बघितलंच न्हाई." आणि थोडं थांबून म्हणाली, "चवीला मात्र लई गोड लागत्यात."

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की सगळे झिंगे एका झटक्यात मुळांत पळाले. आम्हाला पुन्हा तेवढाच वेळ गप्प बसावं लागलं.

किती न्यायचे यावर ताईंनी निवाडा दिला. ओंजळीत मावतील एवढेच, आणि अंडीवाली एकच. भिंतीवरचं मॉस खरवडायचं नाही, पाण्यात पडलेला मॉसवाला एखादा दगड मिळाला तर घ्यायचा. तसा दगड शोधायला बहीण ताबडतोब पाण्यात उतरली आणि पापडाएवढा चपटा, पिसासारख्या मॉसने भरलेला दगड घेऊन आली. शिवाय घरून एक मोठा कॅन आणून, ओढ्याच्या पाण्याने भरून तिने आमच्या सामानात ठेवला. नगरच्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि तो बरोबरच होता.

परतीच्या एसटीत किटली माझ्या मांडीवर होती. आतून पंपाची घरघर ऐकू येत होती. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी संगमनेरपर्यंत कळ काढली आणि मग विचारलं, दुधाच्या किटलीला मशीन कशाला बसवलंय? मी झाकण उघडून दाखवलं. त्यांनी आत वाकून पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या बाईंनी पाहिलं, मग कंडक्टर आला. लोक विचारत होते आणि उत्तरं ताई देत होत्या. झिंगा काय खातो, मॉस म्हणजे काय, टोपडं कुठे असतं. काळा चष्मा, गळ्यात भिंग, एका हाताने वरचा दांडा धरून उभ्या राहून त्यांनी अख्ख्या गाडीचा तास घेतला. मी त्यांना कधी शिकवताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर परदेशी झिंग्यांत यांना मिसळायचं नाही म्हणून मी वेगळी काचेची बरणी मांडली. ओढ्याचं पाणी, तळाला उंबराची वाळकी पानं, मधोमध तो दगड. पहिल्या आठवड्यात दोन झिंगे गेले. दगडावरचं मॉस एका कडेने तपकिरी पडलं. मला वाटलं, आणून चूक केली. पण मग बाकीचे तगले, आणि मॉसच्या तपकिरी कडेतून कोवळी पोपटी टोकं फुटली. तोवर ताई श्रीरामपूरला परतल्या होत्या. आमचा रोज फोन व्हायला लागला. आधी आम्ही पाण्याविषयी बोलायचो, मग त्यांच्या मुलांविषयी, माझ्या गिऱ्हाइकांविषयी, भाजीविषयी. मी बिचकायचं कधी सोडलं ते मलाच कळलं नाही.

थंडी पडली होती. एका सकाळी मशीनवर बसायच्या आधी मी बरणीत डोकावले आणि काचेवर मला धुळीचा कण चालताना दिसला. नीट पाहिलं. त्याला मिशा होत्या. शेजारी आणखी एक कण, पानावर आणखी काही, मॉसच्या पिसांत तर खूपच. प्रत्येक जण आईसारखाच आरपार आणि आईसारखाच घाईघाईने जेवणारा. अंडीवाली मादी मोकळ्या पोटाने एका काडीवर बसली होती.

मी ताईंना फोन लावला. काय झालंय ते मला धड सांगताच येईना. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी निघाले."

त्या पहिल्या मिळेल त्या गाडीने आल्या. चप्पल दारात, पर्स सोफ्यावर, आणि त्या थेट बरणीसमोर. भिंग काचेला लावून बसल्या. आता वाकायला परवानगी होती. यजमान ऑफिसला जायला निघाले होते, ते बूट हातात घेऊन तसेच मागे उभे राहिले आणि म्हणाले, मलाही दाखव ना. ताईंनी भावाला भिंग दिलं खरं, पण दोन मिनिटांत परत मागून घेतलं.

त्या दिवशी माझा एकही ब्लाउज शिवून झाला नाही. दुपारी भूक लागली तेव्हा मी कांद्याची पातळ भाजी आणि भात टाकला. दोघी ताटं घेऊन बरणीजवळच जमिनीवर बसलो. ताई घास हातात धरून म्हणाल्या, बघ, तो डावीकडचा, किती खातोय. मीही बघितलं. मग आम्ही जेवलो.